वाजवून घेतलेला माठ

१८ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. दुसऱ्या कोणी वाचायची नाही. कलावंत माणसाला स्वतःशी बोलायला जागा लागते, आणि या अनसिंग गावात माझ्याशी बोलायच्या लायकीचं दुसरं आहे कोण?

निमित्त घडलं. काल राधिकाचा फोन आला. माझ्या फोनवर नाही, तिच्या आईच्या. नागपूरच्या नव्या म्युझियममध्ये पोरीनं केलेली मातीची भांडी मांडणार आहेत. आठ मार्चला उद्घाटन. पाहुणे, माईक, पेपरवाले, सगळं. गोजरा म्हणाली, पोट्टीनं मले बोलावलं. मी विचारलं, अन् मला? म्हणाली, तुमचं काई बोलली नाई.

बोलली नाही म्हणजे धरूनच चालली. बापाला काय वेगळं आवतन देतात!

चार वर्षं झाली, राधिका माझ्याशी बोलत नाही. म्हणजे मीच बोलत नाही. डी.एड. सोडून माती कालवायला निघाली तेव्हा मी बोलणं बंद केलं आणि तिचं ते फिरवायचं चाक भंगारवाल्याला देऊन टाकलं. आज कळतं, त्यानंच पोरीत जिद्द आली. चाक ठेवलं असतं तर इथंच पणत्या करत बसली असती. आणि हात कोणाचा आला तिच्यात? मी इंटरमिजिएट ड्रॉइंगला सी ग्रेड. गणपती मंडळाचा हिमालयाचा पडदा अजून माझ्याच हातचा लागतो. गोजराच्या माहेरी कोणी पेन्सिलसुद्धा धरली नाही.

आता एकच पाहिजे. माईकवरून तिनं म्हणावं, माझे पहिले गुरू माझे बाबा. एवढं एक वाक्य. गावातल्या चार लोकांसमोर.

संकल्प सोडला: तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, भाषणाची रोज प्रॅक्टिस, आणि गोजरावर चिडायचं नाही.

१९ फेब्रुवारी

खर्रा सकाळपासून बंद.

दुपारी

एकदम बंद केलं की बीपी वाढतो म्हणतात. अर्धी पुडी.

संध्याकाळी

उरलेली अर्धी फेकून देणं बरं दिसत नव्हतं.

२२ फेब्रुवारी

गोजरा डोकं खाऊन राहिली आहे. राधिकानं तिला खापर घेऊन ये म्हणून सांगितलं. आमच्या घरचं खापर म्हणजे ते उपडं मडकं, चुलीवर ठेवून वर पुरणाचे मांडे टाकतात ते. बूड काळंकुट्ट, हात लावला तर काजळी. ते म्हणे म्युझियममध्ये नेणार आणि गोजरा तिथं लोकांसमोर बसणार!

मी हसलो. चिडलो नाही, संकल्प आहे. एवढंच म्हटलं, तिथं एसी असते, तुझ्या काजळीनं त्यांची भिंत खराब होईल. ती म्हणाली, मंग पोट्टीनं कायले सांगतलं आनाले? मी म्हटलं, गंमत केली पोरीनं तुझी. खापर उचलून आत गेली. साधी बाई आहे, लवकर समजते.

२५ फेब्रुवारी

ऊन तापायला लागलं. बाजारात माठ घेतला. ही खरी कलेची परीक्षा. लोक रंग पाहतात, आकार पाहतात. मी आवाज ऐकतो. बोटाच्या पेरानं टकटक वाजवायचं, कान जवळ न्यायचा. खणखणीत बोलला तर घ्यायचा, भद्द बोलला तर तडा आहे समजायचं. सगळे माठ वाजवून एक काढला. गोजरानंही वाजवून पाहिला आणि म्हणाली, हा नको, गळंल. मी म्हटलं, सी ग्रेड कोणाला आहे?

२६ फेब्रुवारी

माठाखाली पाणी. गळत नाही, पाझरतो. पाझरला तरच पाणी थंड होतं, हे विज्ञान आहे. शिवाय तिवई तिरपी आहे.

१ मार्च

माठाचं गळणं बंद! जेव्हा पाहावं तेव्हा काठोकाठ भरलेला. माती आपली आपण बसते, थोडा धीर धरावा लागतो. गोजराला बोलावून दाखवलं. तिच्या हातात बादली होती. हो म्हणाली. चूक कबूल करायला तिला जड जातं, पण मी ताणलं नाही.

३ मार्च

महत्त्वाचा निर्णय. गोजरानं जाऊ नये.

तिच्या भल्याचंच आहे. वावरातल्या वांग्यांचा तोडा त्याच दिवशी येतो. म्हैस दुसऱ्याला धार काढू देत नाही. आणि माझ्या मित्राच्या, भागवतच्या बोलेरोत जागा कुठं आहे? मी, भागवत, त्याचा साडू, आणि मागं भजनी मंडळाचे लोक. टाळ्या वाजवायला माणसं लागतात, आणि ही माणसं रोज टाळ वाजवतात. गोजराची टाळी ऐकली आहे का कोणी?

तिला सांगितलं. ती म्हणाली, मले जाऊ द्या जी, चार वर्सं झाली पोट्टीचं तोंड नाई पाह्यलं. मी म्हटलं, फोटो काढून आणतो. म्हणाली, फोटोले काय करू, त्याले हात लावता येते काय? बायकांचं असंच असतं, मुद्दा सोडून बोलतात.

५ मार्च

वांग्यांसमोर उभं राहून भाषण म्हटलं. उत्तम झालं. सुरुवात सी ग्रेडपासून, मग माझा त्याग, मग भंगारवाला, मग टाळ्या. पलीकडच्या वावराच्या धुऱ्यावरून शेजारची मनकर्णाबाई ओरडली, कोनाले शिव्या देऊन राह्यले भाऊ? गावात कान तयार नाहीत.

खर्रा उद्यापासून नक्की.

७ मार्च

गोजरानं नवीन पातळ काढून ठेवलं. खापर घासून, गोधडीत गुंडाळून दाराजवळ ठेवलं. मी पुन्हा सांगत बसलो नाही. उद्या सकाळीच आपोआप समजेल, आज कशाला रडारड!

तिचा फोन मी मागून घेतला. तिच्या फोनचा कॅमेरा चांगला आहे. राधिकानंच पाठवला होता, आईला.

८ मार्च, पहाटे

निघालो. गोजरा म्हशीकडे गेली होती तेव्हाच भागवतला गाडी काढायला लावली. आवाज ऐकून ती धावत आली. पातळ नेसून तयार होती. खापर छातीशी. भागवत म्हणाला, उत्तमराव, वैनी हायेत. मी म्हटलं, चल तू. आरशात दिसत होती बराच वेळ, रस्त्याच्या मधात उभी. मी खिडकीतून हात केला. तिनं केला नाही. दोन्ही हातांत खापर होतं म्हणून.

शेलूबाजारवरून समृद्धीला लागलो. रस्ता काय गुळगुळीत! आयुष्य असं पाहिजे.

९ मार्च

कालचं शांतपणे लिहितो. मी शांतच आहे.

आधी बिल्डिंग. नुसत्या सिमेंटच्या भिंती. प्लास्टर नाही, रंग नाही, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच. छताला भलं मोठं गोल भोक, त्यातून ऊन थेट खाली. गार्डला विचारलं, काम कधी पूर्ण होते? तो म्हणाला, काका, पूर्णच आहे, या बिल्डिंगले बक्षीस भेटलं. मी भागवतला म्हटलं, ठेकेदारानं प्लास्टर खाल्लं आणि वरून बक्षीसही घेतलं, याला म्हणतात कला.

राधिका दारातच होती. वाळली आहे. मला पाहून तिचा चेहरा एकदम बदलला. ती माझ्या मागं गाडीकडे पाहत होती. विचारलं, आई आली? नेमका तेव्हा माझ्या तोंडात खर्रा. तिथं थुंकायला एक कोपरा नाही, सगळं चकचकीत. मी मान हलवली. कशी हलवली ते आता आठवत नाही. पोरगी लहान असताना हसायची तशी हसली, पळत आत गेली आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर ओढणी टाकून जागा धरली.

मी ती ओढणी बाजूला करून बसलो. खर्रा गिळला. उचकी लागली.

मग भांडी पाहिली. लांब ओट्यावर उपडी ठेवलेली खापरं, एकसारखी, काळपट, कडेला जळाल्याचे डाग. सगळ्यांची मिळून एकच पाटी: आई. बरी आहेत. रंगात कमी पडतात. पण शेवटी, थोडं लांब, एकच मोठं भांडं. काय त्याचा तोरा! पोट पुढं आलेलं, तोंड एवढं रुंद की आत परात जाईल. खाली पाटी: बाबा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू?

वाकून आत पाहिलं तर भांड्याला बूडच नाही. खालचा ओटा दिसत होता. भागवतनंही पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग म्हणाला, उत्तमराव, पोट्टीनं तुमाले बरोब्बर वळखलं. या माणसाच्या तोंडून माझ्याबद्दल पहिल्यांदा चांगला शब्द निघाला. अर्थ उघडच आहे. वरून कितीही ओता, मी स्वतःजवळ काही ठेवत नाही. सगळं देऊन मोकळा.

कार्यक्रम सुरू होईना. पाहुणे बसले, म्युझियमच्या मुख्य साधना मॅडम दोनदा घड्याळ पाहून गेल्या. राधिका म्हणत होती, आई येऊ द्या. शेवटी तिनं फोन लावला. तो माझ्या खिशात वाजला.

सगळा हॉल शांत, आणि माझ्या खिशात फोन. मी बाहेर काढून तिला दाखवला, की बघ, हरवला नाही. म्हटलं, म्हैस आहे, वांग्याचा तोडा आहे, अन् तिला कलेतलं काय समजते? राधिका माझ्याकडे पाहत राहिली. एक शब्द बोलली नाही. वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, हे संस्कार माझेच.

माईकवर गेली. मी केसांवरून हात फिरवला, भागवतला व्हिडिओ सुरू करायला सांगितला. ती म्हणाली, हे जिच्यासाठी केलं तिला येऊ दिलं नाही. बस्. माईक ठेवून दिला.

घाबरली पोरगी. अर्धंच वाक्य बोलली. अशा वेळी बापानं नाही सावरायचं तर कोणी? मी वर गेलो. भाषण सी ग्रेडपासून सुरू केलं. उचकीनं जरा अडथळा आला, पण भंगारवाल्यापर्यंत पोचलो. लोक एकमेकांकडे पाहत होते. मग माझ्या लक्षात आलं, या शहरातल्या लोकांना भांडं पाहता येतं, पारखता येत नाही. म्हटलं, दाखवतो. माईक घेऊन ओट्याजवळ गेलो आणि एकेक खापर पेरानं वाजवलं. टण्ण. माईकमध्ये काय आवाज आला! साधना मॅडम म्हणाल्या, सर, प्लीज, हात नका लावू. मी म्हटलं, हात नाही मॅडम, नुसतं बोट आहे. एकेक करत सगळ्या आया वाजवल्या. सगळ्या खणखणीत.

मग बाबा वाजवला. भद्द.

माझा कान फसत नाही. माईकवर स्पष्ट सांगितलं, हे भांडं तडकलेलं आहे, माझ्या लेकीला कोणी तरी फसवलं. भजनी मंडळ हसलं, मग सगळा हॉल हसला. कौतुकानं हसतात तसं. मी म्हटलं थांबा, आणि खात्री करायला जरा जोरात ठोकलं. बूड नसलेलं भांडं बसतं तरी कुठं धड? करणाऱ्याची चूक आहे.

पडलं.

गार्ड पळत आला. राधिका त्याच्याआधी आली आणि सगळ्यांसमोर माझ्या पायाशी वाकली. चार वर्षांनी! मी हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि माईकमध्ये म्हटलं, सुखी राहा. ती तुकडे वेचत होती. म्हणाली, बाबा, पाय बाजूले घ्या.

बाबा म्हणाली. माईकमध्ये आलं असेल.

१० मार्च

गोजराला फोटो दाखवायला गेलो तर म्हशीकडे निघून गेली. फोटोत मीच जास्त आहे, म्हणून असेल.

११ मार्च

मोठ्या मनानं साधना मॅडमला फोन केला. म्हटलं, झालं गेलं विसरा, मी स्वतः नवीन बाबा करून देतो, माझ्या हातचा. त्या म्हणाल्या, गरज नाही. म्युझियमनं सगळा संच कायमचा ठेवून घेतला आहे. बाबा नावाची पाटीही तिथंच ठेवली आहे, वर काही नाही. नुसती रिकामी जागा. राधिका म्हणते, आता ते जास्त बरोबर झालं.

म्हणजे जागा माझीच! कायमची! दुसऱ्या कोणाचं भांडं तिथं ठेवणार नाहीत. एवढा मान गावात आजपर्यंत कोणाला मिळाला?

१२ मार्च

भागवतनं व्हिडिओ टाकला. मानोऱ्याच्या मेव्हण्यानं फोन करून सांगितलं, तिकडच्या तांड्यांवरसुद्धा पोहोचला. आज बसस्टँडवरून गेलो तर चहाच्या टपरीवर लोकांनी बाकावर पेरानं टकटक वाजवलं. पुढं पानठेल्यावरही. शाळेजवळ पोरांनी फाटकावर. नवीन नमस्कार पडला माझ्यामुळं. मी सगळ्यांना हात केला.

पानठेल्यावरून दोन पुड्या घेतल्या.

१३ मार्च, होळी

घरात पुरण नाही. चूल पेटली नाही. विचारलं तर गोजरा म्हणाली, मी जाऊन राह्यली.

दारात भागवतची बोलेरो उभी. माझा मित्र! मी म्हटलं, सणाच्या दिवशी? अन् म्हैस? म्हैस तिनं आधीच मनकर्णाबाईच्या गोठ्यात बांधली होती. मनकर्णाबाईच्याच फोनवरून राधिकाशी बोलणंही झालं होतं. माझ्या पाठीमागं! तेच पातळ, तेच खापर. मी बजावलं, तुला तिथलं काही समजणार नाही. ती म्हणाली, नाई समजलं तं पोट्टीले विचारीन. तुमी ते कदी विचारलं नाई.

भागवतनं तिच्यासाठी पुढचं दार उघडलं. मला आजपर्यंत कधी उघडलं नाही. निघताना त्यानं स्टेअरिंगवर टकटक वाजवलं.

दोन दिवसांत येईल परत. बायको किती दिवस राहते बाहेर?

१६ मार्च

भागवतच्या स्टेटसवर फोटो. म्युझियमच्या अंगणात तीन विटांची चूल, वर आमचं खापर, गोजरा मांडा टाकून राहिली आहे. मागं त्या बिनप्लास्टरच्या भिंती. राधिका तिला टेकून बसली आहे. गोजरा दात काढून हसते आहे. घरी असं हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही. फोटोसाठी असेल.

मागं उघड्या दारातून आतली माझी पाटी दिसते का म्हणून झूम करून पाहिलं. दिसते. समोर दोन मुली उभ्या राहून फोटो काढत आहेत. रिकाम्या जागेचा.

१८ मार्च

पोळ्या मला येतात, गॅस खराब आहे. मनकर्णाबाईनं वांग्याची भाजी पाठवली. माझ्याच वावरातली वांगी. तोडा कोणी केला नाही म्हणून तिनं केला म्हणे. ताटली परत द्यायला गेलो तर घरातल्या सगळ्यांनी ताटावर टकटक केलं. आज हात नाही केला.

२० मार्च

विचार करून ठरवलं, गोजराला माफ करायचं. फोन लावला, की ये, काही बोलणार नाही.

रिंग घरातच वाजली. तिचा फोन माझ्याकडेच आहे. फोटो पाहायला रोज मीच चार्ज करतो. विसरलो. स्क्रीनवर माझा नुसता नंबर आला, नाव नाही टाकलेलं. तिला टाकता येत नसेल. राधिकाचं टाकलं आहे. मनकर्णाबाईचं टाकलं आहे. म्हशीच्या डॉक्टरचं टाकलं आहे.

वाजू दिला. कोणी उचलला नाही.

२१ मार्च, दुपारी

ऊन असं की जीव जाते. वावरातून आलो, गिलास घेतला, माठात हात घातला. कोरडा. गोजरा गेल्यापासून आज पहिल्यांदा, सकाळीच काठोकाठ भरला होता मी! खाली सगळी ओसरी ओली.

मनकर्णाबाईले हाक मारली. म्हटलं, माठातलं पानी कोन नेते? थे भिंतीवरून म्हणाली, कोन नेईन भाऊ, गळते थो पह्यल्या दिवसापासून. गोजरा दिवसभर बादल्या भरभरून टाकत होती, तुमी वरडू नये म्हनून. तुमाले माहीतच नाई?

माहीत नाही कसं? सगळं माहीत आहे. बायकांना उगाच पाणी ओतायची सवय असते.

खाली बसलो माठाजवळ. माझ्या हातानं वाजवून घेतलेला माठ आहे. पुन्हा वाजवून पाहिला, कान लावून. आवाज एकदम खणखणीत येते. प्यायला पानी नाई.